गावच्या शाळेतला पोषण आहार : आहे त्या पैशात ताट कसं सुधारायचं?

वसनाकाठ

नमस्कार मंडळी,

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट चाळीसच्या आतबाहेर. यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर माझी निवड झाली. बैठकीत कंपाउंडची भिंत, स्मार्ट टीव्ही, गॅदरिंग यावर भरपूर बोलणं होतं. पोरं दुपारी काय जेवतात हा विषय मात्र 'आहार सुरळीत चालू आहे' एवढ्या एका ओळीत उरकतो. पुढच्या बैठकीत मला तो नीट मांडायचाय. सातारा-सांगलीकडच्या शिक्षकांनी, पालकांनी आणि मुख्य म्हणजे शिजवणाऱ्या ताईंनी इथं लिहावं, ही विनंती.

आधी हिशेब सांगते, कारण तो बहुतेक पालकांना माहीतच नसतो.

पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात. कॅलरी ७०० आणि प्रथिनं २० ग्रॅम. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस हे सगळं धरून १ मे २०२५ पासूनचा दर मुलामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे, वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे. यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे.

म्हणजे आमच्या चाळीस पोरांना रोज ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल आणि पैशात बोलायचं तर २७१ रुपये. हे २७१ सुद्धा शाळेच्या हातात येत नाहीत. डाळी, तेल, मसाला हा माल पुरवठादाराकडून येतो. शाळेच्या खात्यावर पडतात ते फक्त इंधन-भाजीपाल्याचे. दोन किलो भाजीत कांदा, टोमॅटो, बटाटा धरला की हिरवी पालेभाजी ताटात यायला जागाच राहत नाही.

एवढं असूनही आमच्या शाळेतली खिचडी चांगली असते. मी मुद्दाम जाऊन पोरांच्या पंगतीत बसून खाल्ली. मोड आलेली मटकी, वर कोथिंबीर, भात मोकळा. ते सगळं श्रेय शिजवणाऱ्या दोन ताईंचं. त्या नऊला येतात, तांदूळ निवडतात, चूल-गॅस सांभाळतात, वाढतात, भांडी घासतात, ओटा धुऊन तीनच्या पुढं घरी जातात. त्यांना मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. दिवसाला शंभराच्या आसपास पडतात. आमच्याकडं भांगलणीला गेलं तर एका दिवसाची हजेरी याच्या तिप्पट मिळते. मानधनात केंद्राने धरलेली रक्कम १००० रुपये आहे आणि ती २००९ पासून बदललेली नाही; बाकीचे राज्य घालतं.

माझं स्पष्ट मत असं झालंय की आहार सुधारायचा तर सुरुवात या दोघींपासून करायला हवी. पाककृती कितीही छापल्या तरी शिजवणार त्याच आहेत. दुसरं, आमच्या शिवारात वाघ्या घेवडा पिकतो, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, व्यापारी येऊन पोती भरून नेतात. आणि तो घेवडा गावच्या पोरांच्या ताटात वर्षात एकदाही येत नाही. हे मला पटत नाही.

तुमच्या गावात काय चालतं, काय जमलं, काय फसलं, ते लिहा.


खटावचा_मास्तर

ताई, विषय काढलात हे फार बरं झालं. मी शिक्षक आहे, आहाराची नोंद माझ्याकडंच असते. बैठकीत मांडण्याआधी काही गोष्टी शाळेत जाऊन बघा.

तांदळाचा कट्टा उतरवताना काटा लावला जातो का? कट्ट्यावर ५० किलो छापलेलं असतं, पण वजन करूनच पावतीवर सही झाली पाहिजे. शाळेत काटा नसेल तर समितीनं सगळ्यात आधी तो घ्यावा. दुसरं, चव रजिस्टर. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं असतं. पालकांपैकी कुणीतरी रोज आलं तर त्या रजिस्टरला अर्थ येतो. नाहीतर आम्हीच सही करतो आणि आम्हीच वाढतो.

पैसे वेळेवर येत नाहीत, हे खरं दुखणं. इंधन-भाजीपाल्याची रक्कम दोन-तीन महिने रखडली की मुख्याध्यापक दुकानात उधारी ठेवतात, कधी खिशातून घालतात. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत शाळेकडच्या दुसऱ्या निधीतून तात्पुरता खर्च करायची मुभा आहे, पण लेखापरीक्षणाच्या धास्तीनं कुणी हात लावत नाही. समितीनं तसा ठराव करून दिला तर मुख्याध्यापकाला बळ येतं.

त्याच नियमांत आणखी एक आहे. धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळं आहार शिजला नाही, तर त्या दिवसांचा अन्न सुरक्षा भत्ता मुलाला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवा. हा पोरांचा हक्क आहे, पालकांनी मागितला पाहिजे.


जतकर

मी जत तालुक्यातला, कर्नाटकच्या हद्दीला लागून. आमच्या पाहुण्यांची पोरं पलीकडं शिकतात. तिकडं सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते दहावीपर्यंत आठवड्याचे सहा दिवस अंडं मिळतं. दोन दिवसांचा खर्च सरकारचा आणि चार दिवसांचा अझीम प्रेमजी फाउंडेशनचा, असा करार २०२४ मध्ये झाला. अंडं नको असेल त्याला केळं किंवा चिक्की. शिवाय दूध २०१३ पासून चालू आहे.

आपल्याकडं नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला, तेव्हा आम्हाला लई आनंद झालेला. जानेवारी २०२५ ला राज्यानं त्याचा वेगळा निधी थांबवला आणि अंडं लोकसहभागावर सोडलं. माझ्यासारख्या बापानं पोराला काय सांगायचं? हद्दीच्या अलीकडं जन्मलास म्हणून?

आणि आपल्याकडं आहार आठवीपर्यंतच. माझी थोरली यंदा नववीत गेली. पाच किलोमीटर सायकल मारत जाते, सकाळची भाकरी डब्यात. वाढीचं वय तर हेच आहे ना?


पोषणवेध

मी मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. जतकरांचा नववी-दहावीचा मुद्दा अगदी योग्य आहे. मुलींची पाळी सुरू होण्याचं, लोह कमी पडण्याचं हे वय, आणि नेमका तिथंच आहार थांबतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं कमी निघाली आणि ६ महिने ते ५ वर्षांच्या जवळपास ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. तीच मुलं पुढं आपल्या पहिलीच्या वर्गात येतात. शाळेतलं एक जेवण ही तूट सगळी भरून काढणार नाही, पण वर्षातले दोनशेच्या वर दिवस ते मिळतं, म्हणून त्याला मोल आहे.

दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगते.

आहाराच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, पाण्यावर तरंगतात. पुष्कळ घरांत आणि शाळांतही ते 'प्लास्टिकचे' म्हणून वेचून टाकतात. ते पोषणयुक्त दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते बनवतात आणि साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. ते टाकू नका, आणि तांदूळ दहा पाण्यांनी चोळून धुऊ नका. आजारपणामुळं लोह चालत नाही अशी मुलं असतात, थॅलेसेमियाची उदाहरणार्थ. त्यांच्या पालकांनी डॉक्टरांना विचारून शाळेला कळवावं.

कडधान्याच्या उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. चाळीस मुलांना पाच-सहा लिंबं पुरतात. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आणि वसनाकाठताई, वाघ्या घेवड्याची कल्पना मला फार आवडली, पण शिजवताना काळजी घ्या. घेवडा हा राजम्याच्याच जातीचा. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा आणि मग कुकरला लावायचा. नुसत्या मंद आचेवर ठेवलेला घेवडा मुलांना अजिबात देऊ नका.


माळकरी_वाळवा

राम कृष्ण हरी. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. अंड्याला माझा विरोध नाही, ज्याला चालतं त्यानं खावं. पण अंड्याच्या दिवशी आमच्यासारख्यांची पोरं वेगळी बसवायची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, तिला माझा विरोध आहे. पंगत एकच असावी. एकाच्या ताटात अंडं, शेजारच्याच्या ताटात केळं, त्यात बिघडतं काय?

माझं म्हणणं शेंगदाण्याबद्दल आहे. आपला मुलूख भुईमुगाचा. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, हे प्रत्येक पोराला चालतं आणि परवडतंही. हे आठवड्यातून दोनदा का नसावं?


पोषणवेध

माळकरीकाका, पूर्ण सहमत. ३० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहाच्या आसपास. खर्च शेंगदाण्याचा कमी. मात्र अंड्यात बी-१२ आणि अ जीवनसत्त्व असतं, ते शेंगदाण्यात नाही. म्हणून ज्यांना चालतं त्यांच्यासाठी अंडं हवंच. शेंगदाणे घेताना काळपट, बुरशी धरलेले, कडवट लागणारे दाणे काटेकोर निवडून काढा. ओलसर जागी साठवलेल्या शेंगांवरच्या बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही.


कराड_ओगलेवाडी

सगळं वाचलं. मला वेगळं वाटतं. प्रत्येक गावात दोन बायका, एक गॅस आणि एक पातेलं यापेक्षा तालुक्याला एक मोठं केंद्रीय स्वयंपाकघर करावं. शहरांत तसं चालतं. वाफेवर शिजवतात, टोप्या-हातमोजे असतात, तपासणी एका जागी होते, माल ठोक भावात मिळतो. शिक्षकांच्या डोक्यावरचं ओझंही उतरेल. गावोगावच्या भांडणांत, कोण शिजवणार या राजकारणात पोरांचं जेवण अडकायला नको.


पाटणखोरे

कराडकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण आमच्या बाजूला येऊन बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाटणच्या वर वाड्या-वस्त्यांवर धुकं, पाऊस, दरड. काही शाळांचा पट दहाच्या आत आहे. गाडी पोचेपर्यंत भात गार होईल, आणि रस्ता बंद पडला त्या दिवशी पोरं उपाशी. गार भातात जंतूही लवकर वाढतात, हे वेगळंच. सातारा शहराला, सांगली-मिरजेला केंद्रीय स्वयंपाकघर शोभतं. वाडीवर चूलच पाहिजे.

शिवाय आमच्याकडं नाचणी आहे. डोंगरउतारावर अजूनही पिकते. नाचणीसत्त्व आहाराच्या पाककृतींत जून २०२४ मध्ये आलं होतं, साखर-गुळाच्या पैशाअभावी मागं पडलं. आमच्या शाळेत गावातल्या बायकांनी भात लावणीनंतर घरटी थोडी नाचणी दिली, गूळ एका दूधवाल्यानं दिला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गरम आंबील मिळते. ओल्या अंगानं आलेली पोरं ती आंबील पितात तेव्हा दुसरी वाटी मागतात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्वयंपाकघराला हे सुचणार नाही.


तासगाव_बागायतदार

एका गोष्टीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचा पट्टा द्राक्षाचा. फवारणीचे रिकामे कॅन, ड्रम घरोघरी पडलेले असतात आणि लोक ते धुऊन पाण्याला, तेलाला वापरतात. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. ते औषध आपण सगळ्यांनी कधी ना कधी हाताळलंय, म्हणून ती बातमी माझ्या मनातून जात नाही.

आमच्या शाळेत मी स्वतः मागं लागून तेल आणि पाण्यासाठी स्टीलची भांडी आणून दिली. तुमच्या शाळेच्या कोठीत औषधाचा एकही डबा, कॅन, पंप दिसला तर तो त्याच दिवशी बाहेर काढा. रंगाचे डबेसुद्धा.

बेदाणा लागला तर सांगा. प्रतवारीत बारीक म्हणून बाजूला पडलेला पण खायला उत्तम असा माल इथं खूप असतो. शिऱ्यात, खिरीत घालायला आमच्या गावच्या शाळेला आम्ही काही शेतकरी तसा देतो.


गुरवाची_सून

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत आहार शिजवते. माझी मुलगी टाइप करतीय, मी सांगतीय.

ह्या धाग्यावर आमच्याबद्दल चांगलं लिहिलंय, वाचून बरं वाटलं. आता आमची बाजू ऐका.

मटकीला मोड आणायचे म्हंजे आदल्या दिवशी दुपारी भिजत घालावी लागते, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते. शाळा तर तीनला बंद. मग आम्ही ती घरी नेतो. थंडीत फडकं घोंगडीत गुंडाळून ठेवायचं, तवा कुठं सकाळी मोड दिसतात. हे काम कुठल्या रजिस्टरात नाही. मोड यावेत म्हणून आम्ही करतो, कारण नुसती मटकी घातली की पोरं बाजूला काढतात आणि मोडाची मात्र खातात.

पातेलं मोठं, उतरवायला दोघी लागतो. मागं माझ्या हातावर पेज सांडली, कातडी निघाली. दवाखान्याचा खर्च घरचा. त्या दिवसांत सून-जाऊ कुणीतरी येऊन शिजवलं. एक दिवस आहार चुकला न्हाई.

पैसे वाढवा म्हणून मोर्चे काढले, कागद दिले. पण गावानं काय करावं असं विचारताय तर सांगते. एक मोठा कुकर द्या. घेवडा, हरभरा, वाटाणा हे मोठ्या कुकरशिवाय शिजतच न्हाईत, म्हणून आम्ही मूगडाळ आणि मटकीवर फिरत राहतो. एक मिक्सर द्या, म्हंजे पालेभाजी वाटून घालता येती. पोरांना पाला दिसला की ती काढून ठेवतात, वाटून घातला तर कळत पण न्हाई. शेगडी कमरेच्या उंचीवर करून द्या. आम्ही वाकून वाकून मोडलो. आणि पाणी. नळ स्वयंपाकखोलीत आणा. हंडे वाहण्यात आमचा अर्धा जीव जातो.

आणि पोरांच्या आयांनी महिन्यातनं एकदा तरी येऊन बघावं. तक्रार करायला नुसत्या येऊ नका, भाजी चिरायला पण या.


माणदेशी_शेवगा

ताई, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरून आले. प्रत्येक समितीनं ही पोस्ट छापून शाळेत लावावी.

मी दहिवडीजवळची. आमच्याकडं पाणी कमी, तरी शाळेच्या परसबागेत शेवगा आणि कढीपत्ता झाला. युक्ती अशी : पोरं हात धुतात ती जागा एका ओळीत केली आणि तिचं पाणी चरातून झाडांच्या मुळाशी नेलं. शेवग्याला तेवढं पाणी पुष्कळ. शेवग्याचा पाला वाळवून चुरून ठेवायचा, तो डाळीत चमचा-दोन चमचे पडला की लोह, कॅल्शियम फुकटात. लाल भोपळा कुंपणावर चढवला. सुट्टीत झाडं जळू नयेत म्हणून मे महिन्यात शेजारच्या दोन घरांनी पाणी घालायचं ठरवून घेतलं. याशिवाय परसबाग टिकत नाही. स्पर्धेपुरती बाग आणि नंतर वाळलेले वाफे, असंही मी पुष्कळ शाळांत पाहिलंय.


सांगली_विश्रामबाग

मला एक शंका आहे आणि ती गंभीर आहे. नाचणी गावानं द्यायची, बेदाणा शेतकऱ्यानं द्यायचा, कुकर समितीनं घ्यायचा, अंडं लोकसहभागातून. मग सरकारनं काय करायचं? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क झाला. त्याआधी आपल्याकडं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देत होते, हे जुन्या लोकांना आठवत असेल. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो हक्क पक्का केला. आपण लोकवर्गणीनं भागवत गेलो तर सरकार आणखी हात आखडेल. अंड्याचं तेच झालं. आणि ज्या गावात दाता नाही, ऊसतोड आणि रोजंदारीवर जगणारी वस्ती आहे, तिथल्या पोरांनी काय खायचं?


जुनी_रयत

विश्रामबागकरांचा प्रश्न रास्त आहे. हक्क सोडून दान घ्यावं असं मीही म्हणणार नाही. पण मी निवृत्त शिक्षिका, उभी हयात रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत गेली, म्हणून दुसरी बाजू सांगावीशी वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची मुलं एका ठिकाणी राहत, एकत्र शिजवत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. मुलांच्या पोटाला धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. गावोगावहून लोक धान्य देत. कुणी सरकारची वाट पाहत बसलं असतं तर ती पिढी शिकली नसती. आणि तरीही कर्मवीरांनी सरकारकडं मागणं कधी सोडलं नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल : वाळवा, पलूस, कराड भागात हंगामात ही मुलं फडावर असतात. त्यांची नावं जवळच्या शाळेत घालून घेतली तर त्यांना तिथला आहार मिळतो. हे काम समितीतल्या बायकांनी फडावर जाऊन करावं. आई-बाप पहाटे कोयता घेऊन जातात, पोरगं दिवसभर कोपीवर भुकेलं असतं. त्याच्यासाठी शाळेतली वाटी सगळ्यात मोलाची आहे.


वसनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरवाच्या सूनबाई, तुम्ही लिहिलंत त्यामुळं माझ्या बैठकीचा क्रमच बदलला. पाककृती आणि परसबाग नंतर. आधी मोठा कुकर, मिक्सर, कमरेएवढा ओटा आणि नळ. यांतलं ओटा-नळाचं काम ग्रामपंचायतीच्या निधीत बसवायला सरपंचांकडं आत्ताच विषय काढलाय. कुकर आणि मिक्सर वर्गणीतून.

विश्रामबागकर, तुमचं म्हणणं मी ठरावातच घालणार आहे. वस्तू गाव देईल, त्या एकदाच द्यायच्या आहेत. पण शिजवणाऱ्या ताईंचं मानधन, अंड्याचा निधी आणि नववी-दहावीचा आहार ही मागणी सरकारकडंच, लेखी, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवायची. एकट्या शाळेच्या कागदाला कोण विचारतो? म्हणून तुम्हा सगळ्यांना विनंती, आपापल्या समितीत हाच ठराव घ्या. मजकूर तयार झाला की इथंच टाकते. खटावच्या सरांनी तो एकदा डोळ्याखालून घालावा.

घेवड्याचं असं ठरवतोय : सुगीला घरटी एक पसा. चाळीस-पन्नास घरांतून जमेल तेवढा. कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत ठेवायचा आणि कुकर आल्यावरच शिजवायचा.

सूनबाई, एक विचारायचं होतं. आमच्याकडं काही घरं ज्वारी द्यायला तयार आहेत. चाळीस पोरांच्या भाकऱ्या दोघींनी थापणं शक्य नाही हे मला कळतं. मग ज्वारीचं काय करता येईल?


खटावचा_मास्तर

ठराव पाठवा ताई, बघतो. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका आणि पोचेवर तारीख-शिक्का बघा. पटसंख्या, मंजूर स्वयंपाकी किती आणि प्रत्यक्ष किती, हे आकडे ठरावातच लिहा. २६ ते १०० पटाला दोन स्वयंपाकी हा निकष आहे, तो काही ठिकाणी एकीवरच भागवतात.


गुरवाची_सून

ज्वारीच्या कण्या करा. गिरणीत रवाळ भरडून आणायची, चाळून पीठ काढून टाकायचं. चाळीस पोरांना दोन किलो कण्या बास होतात. धुऊन उकळत्या पाण्यात सोडायच्या, कण्याच्या चौपट पाणी तरी पाहिजे, आणि ढवळत राहायचं, न्हाईतर बुडाला लागतात. अर्ध्या तासात फुगून मऊ होतात. मीठ घाला. खाली उतरून जरा कोमट झाल्यावर ताक घालायचं, उकळत्यात घातलं की फाटतं. वरून लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी, मिरची बेतानं, बारकी पोरं असतात. सोबत भाजलेले शेंगदाणे दिले की झालं. पहिल्यांदा थोड्याच करा, पोरांना चव लागू द्या, मग वाढवा.